कावीळ कुठली?

पावसाळा लागला की आमच्या तालुक्याच्या गावात काविळीचे पेशंट वाढतात. असा पेशंट आला की मी त्याला आधी खिडकीशी नेतो, कारण दिव्याच्या पिवळट उजेडात सौम्य कावीळ हमखास निसटते. वरची पापणी अंगठ्याने उचलायची आणि ‘पायाकडे बघा’ म्हणायचं, की डोळ्याचा पांढरा भाग पुरता उघडा होतो. रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य निरोगी माणसात डेसिलिटरमागे साधारण 1 मिलिग्रॅमपर्यंत असतं. ते 3 च्या आसपास गेलं की पिवळेपणा सहज दिसतो. गाजरं भरपूर खाणाऱ्यांचे तळहात पिवळे होतात, डोळे मात्र पांढरेच राहतात.

डोळे पिवळे आहेत हे कळायला मिनिटही लागत नाही. ते कशाने झालेत, हे शोधण्यातच आमचं सगळं कसब लागतं.

कॉलेजातली पोरं येतात, त्यांची हकिगत बहुधा ठरलेली असते. आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडालेली. आणि डोळे पिवळे होईस्तोवर ताप गेलेला, भूक परतू लागलेली. ही दूषित अन्नपाण्यातून आलेली हिपॅटायटिस ‘ए’. बहुतेकांत यकृत ती आपली आपण निस्तरतं. माझ्याकडून विश्रांतीचा सल्ला, दारू आणि मनाने घेतलेल्या गोळ्या बंद, आणि उसाच्या रसावर ठेवलेल्या पोराला वरण-भात, अंडं सुरू करा, एवढंच.

काविळीवर उतारा म्हणून घालतात त्या माळेचं नाव याच काविळीने झालं. माळेतल्या ओल्या काड्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबत जाते. इकडे आजारही ओसरत असतो. घरच्यांना दोन्हींचा संबंध दिसतो. मी माळ काढायला लावत नाही. माळ राहू द्या, रक्त मात्र आजच तपासा, असं सांगतो.

हा आग्रह का, ते एका आजोबांवरून सांगतो. माळ गुडघ्यापर्यंत आली होती आणि डोळे हळदीसारखे होते. सून म्हणाली, “डॉक्टर, मामा रात्रभर अंग खाजवतात.” पोटावर, हातांवर नखांचे ओरखडे होते. पुढचा प्रश्न तिच्यासमोर विचारला असता तर आजोबा बोललेच नसते. तिला बाहेर बसवलं आणि विचारलं, “आजोबा, परसाकडला रंग कसा होतो?” खाली बघत ते म्हणाले, “पांढऱ्या मातीवाणी.” खाज, गडद लघवी आणि पांढरं शौच ही तिन्ही एकत्र आली की पित्ताची वाट अडल्याचा दाट संशय घ्यायचा. अडसर खड्याचा असेल किंवा गाठीचा. वाट मोकळी होईपर्यंत औषधांनी भागत नाही. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथे दुर्बिणीतून खडा काढला आणि काही दिवसांत आजोबा रात्री झोपू लागले.

घरचे लोक बिलिरुबिनच्या आकड्यावर नजर लावून असतात. मी प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, आधी बघतो. रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिनं यकृतच बनवतं; तो वेळ लांबू लागला की यकृत थकल्याची शंका येते. मग पेशंटला हात पुढे करून मनगटं वर वळवायला सांगतो. पंजे पंखासारखे फडफडले, किंवा दिवसा झोप आणि रात्री जाग असं झालं, तर तासभरही थांबवत नाही. काविळीची गरोदर बाई आली तर तिलाही मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो. शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ‘ई’ जिवावर बेतू शकते. टीबीच्या गोळ्यांनीही कावीळ होते, म्हणून चालू औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावतो.

आज आमच्या हाती खूप आहे. हिपॅटायटिस ‘बी’ची लस जन्मल्यापासून 24 तासांत देता येते, ‘सी’ बहुतेकांत 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. पण ‘कावीळ आपोआप उतरते’ म्हणून महिना काढलेल्या माणसाला हे वेळेवर पोचत नाही. म्हणून घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले तर लघवीचा रंग, शौचाचा रंग, खाज आणि झोप एवढं नीट पाहून या, आणि सांगताना लाजू नका. माझी अर्धी तपासणी त्यातच होते.