लाहिंचचा पांढरा दगड



निवृत्त झाल्यावर मी केसारियाच्या मैदानावर गोल्फ शिकलो. खेळ यथातथाच. तरी आयर्लंडमधले लाहिंच एकदा खेळायचेच, अशी फार इच्छा होती. २०२३ च्या जूनमध्ये ११ वर्षांच्या नातवाला घेऊन निघालो. तो मला "सबा" म्हणतो. मराठी समजते त्याला, बोलतो मात्र मोडके-तोडके.

लाहिंच हे क्लेअर परगण्यातले, अटलांटिक महासागराच्या काठचे लहान गाव. क्लब १८९२ सालचा. १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या ओल्ड टॉम मॉरिस यांनी मैदान आखले आणि १९२७ मध्ये डॉ. अलिस्टर मॅकेन्झी यांनी ते बरेचसे नव्याने केले. सभासद नसलेल्यांनाही फी भरून, आधी वेळ ठरवून खेळता येते.

बालमित्रांनो, गोल्फमध्ये लहानसा चेंडू काठीने मारत मारत भोकात घालायचा. अशी १८ भोके, म्हणजे होल. फटके जितके कमी तितके चांगले. लाहिंचला चांगल्या खेळाडूने ७२ फटक्यांत संपवावे असा हिशेब आहे. माझे शंभरावर जातात!

समोर वाळूच्या उंच टेकड्या, त्यांवर दाट गवत आणि सोसाट्याचा वारा. मला अलिबागचा किनारा आठवला, फक्त माड आणि सुरू नाहीत. मैदानावर शेळ्या फिरतात. क्लबमधले हवामानाचे यंत्र बिघडले तेव्हा त्यावर 'शेळ्यांकडे पाहा' अशी चिठ्ठी लावली होती म्हणे! शेळ्या क्लबच्या इमारतीजवळ आल्या की पाऊस येणार असे समजायचे. त्या दिवशी त्या लांब होत्या. नातू खूष.

चौथ्या होलला 'क्लोंडाइक' नावाची टेकडी वाटेतच उभी आहे. ती ओलांडताना माझा दम निघाला. पाचवा होल 'डेल'. अंतर साधारण १५० यार्ड, पण दोन टेकड्यांच्या मध्ये लपलेला. निशाण दिसतच नाही. पुढच्या टेकडीवर एक पांढरा दगड ठेवतात. निशाणाची जागा बदलली की दगडही हलवतात. दगडाच्या रोखाने मारायचे आणि देवावर हवाला ठेवायचा.

मी मारला. चेंडू टेकडीपलीकडे गेला. माझी बॅग सांभाळत नातू पुढे पळाला. मी धापा टाकत पोचलो, तर चेंडू आखूड गवतावर छान बसलेला आणि नातू आपल्या बुटांकडे बघत उभा.

"इथेच होता?" मी विचारले.

थोड्या वेळाने त्याने मागचे दाट गवत दाखवले. "सबा, तू दमलास ना, म्हणून."

माझा जीव कळवळला. पण म्हटले, "बाळा, आपल्यामागे इथे पंच फिरत नाही. आपले फटके आपणच मोजायचे. बॅग धरणाऱ्याने मुद्दाम चेंडू हलवला तर एक फटका दंड, आणि चेंडू परत जागेवर."

डोळे भरले होते, तरी त्याने स्वतःच्या हाताने चेंडू गवतात परत ठेवला. तिथून बाहेर काढायला एक फटका, हिरवळीवर न्यायला एक, मग दोन. दंड धरून सहा झाले. कार्डावर त्यानेच लिहिले.

शेवटी बेरीज झाली १०९. त्याने दोनदा करून पाहिली.

घरी आल्यावर ते कार्ड त्याने आधी आपल्या आईला दाखवले. म्हणाला, "ईमा, हे बघ, पाचव्याला सहा. त्यातला एक माझा आहे."