फळ्यावरचं नाशिक

घरासाठी काढलेलं सोसायटीचं कर्ज मी मुदतीआधी फेडलं. आमच्या सातपूर कॉलनीतल्या फिटरकाकांचं देणं मात्र अजून फिटलेलं नाही. ते पैशांचं नव्हतंच.

नव्वदच्या सुमारास मी येवल्याकडून सातपूरला आलो, एमआयडीसीत हेल्पर म्हणून. साठच्या दशकात ही औद्योगिक वसाहत उभी राहिली. मायको, महिंद्रसारख्या मोठ्या कारखान्यांमागून लहान वर्कशॉप आली आणि त्यांच्यामागून आमच्यासारखे लोक. कंपनी, खोली आणि सुटीला गाव, एवढंच आमचं जग. नाशिक शहर बसनं अर्ध्या तासावर, पण तिथं जायचं ते पाहुण्यांना पंचवटी दाखवायला, नाहीतर सिव्हिल हॉस्पिटलात कुणाला डबा द्यायला. नाटक, व्याख्यान, चित्रप्रदर्शन हे सगळं कॉलेज रोडवाल्यांचं, अशी ठाम समजूत.

काकांनी ती समजूत खडूनं पुसली. कामगार कल्याण केंद्राच्या भिंतीवर एक काळा फळा होता. दर शुक्रवारी सेकंड शिफ्टला जाण्याआधी काका त्यावर लिहीत. 'दर्जेदार', 'अवश्य पाहा' असलं एक अक्षर नसे. लिहिलेलं असे ते असं: 'शनिवार, कालिदासला नाटक, रात्री साडेनऊ. शालिमारला उतरा. बाल्कनी स्वस्त, ऐकू नीट येतं. परत येताना बस मिळणार नाही, चौघांत एक रिक्षा. साधे कपडे चालतात.' मे महिना आला की एक ओळ वाढे: 'वसंत व्याख्यानमाला, गोदाघाट, यशवंतराव महाराज पटांगण. फुकट. उशिरा गेलात तरी मागं बसता येतं.' १९२२ पासून चालत आलेली ती व्याख्यानमाला मी त्या एका ओळीच्या भरवशावर पहिल्यांदा ऐकली. वक्ता कोण होता ते विसरलो. दिवसभर तापलेल्या दगडी घाटावर माझ्या एका बाजूला वकील बसले होते, दुसऱ्या बाजूला भाजीवाला, आणि मला कुणी उठवलं नाही, हे लक्षात आहे.

आम्हाला आवड नव्हती असं नाही. अडायचं ते कपड्यांवर, परतीच्या बसवर, दुसऱ्या दिवशीच्या भोंग्यावर. शहराची थोरवी सांगणारे पुष्कळ भेटले; या अडचणींची उत्तरं आधीच लिहून ठेवणारे काका एकटेच. कुणी 'बघू' म्हणालं की ते म्हणायचे, "अरे, जून-डिसेंबरच्या पगारातून कल्याण निधी कापतात ना? मग वसूल करा की!" १९५३ च्या कायद्यातून आलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी मलाही उभं केलं. हवालदाराचं काम, वाक्यं जेमतेम दोन. पण नाईट करून तालमीला आलेला आमचा मोल्डर नायकाची पानंच्या पानं न अडखळता म्हणायचा, तेव्हा माणसात काय काय दडलेलं असतं ते कळलं.

एका पावसाळी रविवारी काकांनी आम्हाला सायकलींवर अंबडमार्गे पांडवलेण्यांना नेलं. भिजलेल्या पायऱ्या चढून वर गेलो. चोवीस लेण्यांपैकी दहाव्यात त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे बोट दाखवलं. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा तो लेख, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. भिक्षूंच्या खर्चासाठी त्यानं तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. कुठं, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे शेकडा एक व्याजानं, एक हजार दुसरीकडे पाऊण टक्क्यानं. गंगापूरजवळचं आजचं गोवर्धन ते हेच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आमच्या सातपूरच्या शेजारचंच. काका म्हणाले, "राजाचा जावई पैसे ठेवतोय, आणि तेही कामगारांच्या संघटनेकडे. पतच होती तेवढी!" लेणी मी आधीही पाहिली होती, पण ती आपल्या जातकुळीची वाटली त्या दिवशी.

काकांनी कधी चहाचेही पैसे देऊ दिले नाहीत. त्यांची अट एकच: पुढच्या वेळी सोबत एक नवा माणूस पाहिजे. मी आधी खोलीतल्या जोडीदाराला नेलं, लग्नानंतर बायकोला. पुढं बायकोनं आमची अख्खी गल्ली कालिदासला नेली.

काका गेले, त्याला बरीच वर्षं झाली. २०१५ च्या पर्यावरणदिनी सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर हजारो नाशिककरांनी देशी झाडं लावली; ती नाशिक देवराई काकांना बघायला मिळाली नाही. आता मी रिटायर माणूस. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शहरातल्या कार्यक्रमांची रंगीत पोस्टरं रोज येतात. त्यांत मान्यवरांची नावं मोठ्या टायपात असतात, जायचं कसं ते नसतं. म्हणून देवराईच्या फेरीचा निरोप मी काकांच्या पद्धतीनं टाकतो: कुठं जमायचं, चढ किती, पाण्याची बाटली आणा, ऊन चढायच्या आत परत.

गेल्या खेपेला तो निरोप कुणाकडून तरी ऐकून बिहारकडची दोन कंत्राटी पोरं घरी आली. दारातच उभी राहून विचारत होती, "अंकल, बूट नहीं है, चलेगा क्या?" चपलेवर चालेल, म्हटलं. फक्त पुढच्या रविवारी खोलीतल्या तिसऱ्यालाही उठवून आणायचं.