घंटागाडीवरचा ल

सकाळी घंटागाडी आली की आमच्याकडे कचऱ्याचा डबा घेऊन बायकोच खाली जाते. मी गेलो तर गाडीच्या दारावरचं बोधचिन्ह बघावं लागतं. ते मी केलंय, आणि ते माझं नाही.

आमच्या पालिकेचं जुनं चिन्ह म्हणजे एक गोल शिक्का. त्यात वेस, नदी, ऊस, दातेरी चाक, उघडं पुस्तक, समई आणि वर उगवता सूर्य. कागदावर उमटला की शाईचा डागच दिसायचा. नवीन करायचं ठरलं तेव्हा निवडणुका लांबलेल्या होत्या, प्रशासकांचा कारभार होता. मला त्याचं बरंच वाटलं. वीस नगरसेवकांच्या वीस सूचना ऐकाव्या लागणार नव्हत्या.

बैठकीत पहिला प्रश्न पैशांचा. ‘स्वच्छ भारतचं बोधचिन्ह कोल्हापूरच्या खासबारदारांनी केलं, २०१४ साली. ५० हजारांच्या बक्षिसात झालं. मग तुमचं एवढं कसं?’ अनंत खासबारदारांच्या त्या चष्म्याला मी मनापासून मानतो. पण ती स्पर्धा होती. इथे घरपट्टीच्या पावतीपासून अग्निशमन बंबापर्यंत तेच चिन्ह कुठे, किती मापात बसेल, हे सगळं ठरवून द्यायचं होतं. आकडा निम्म्यावर आला, मी मान्य केला. अशोकस्तंभही घाला, असं एकाने सुचवलं. राजमुद्रेच्या वापराबद्दलचा २००५ चा कायदा दाखवल्यावर तो विषय संपला.

मी फक्त वेस ठेवली. दगडी कमान, खाली तीन रेघांची नदी, एकच रंग. आणि त्याखाली गावाचं नाव. त्या नावात ल आहे. कमानीची गोलाई उलटी केली की ल ची पाकळी होते, हे सापडलं त्या रात्री मला झोप आली नाही. मराठी ल ला मधोमध देठ असतो आणि दोन्ही बाजूंना पाकळ्या. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळ्यांचाच ल ठरवून दिलाय. पण युनिकोडमध्ये दोन्हींचा संकेतांक एकच, त्यामुळे कोणता ल उमटेल ते फॉन्टवर अवलंबून. म्हणून मी फॉन्ट वापरलाच नाही. नाव हाताने काढलं, कर्व्हज करून फाइल दिली. कुणी बदलू शकणार नाही, अशी माझी खात्री होती.

पेनड्राइव्ह कपाटात राहिला. गाड्यांचं काम घेतलेल्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो गेला. त्यावरून त्यांनी कमान गिरवली, दारावर मावावी म्हणून आडवी ताणली, आणि नाव स्वतःच्या फॉन्टमध्ये टाइप केलं. ११ गाड्या. अकराही गाड्यांवर उभ्या दंडाचा ल.

मी कार्यालयात गेलो. ‘वाचता येतंय ना?’ विचारलं गेलं. वाचता येत होतं. ‘मग अडचण काय?’ मी कमान दाखवली, पाकळी दाखवली. ‘अहो, ल म्हणजे ल.’ पुन्हा गेलो, तेव्हा बिल निघालं होतं. बिल निघालं म्हणजे काम बरोबर झालं, असा तिथला हिशेब. तिसऱ्या वेळी शासन निर्णयाची प्रत जोडून लेखी अर्जच नेला. आवक-जावकच्या बाईंनी तो घेतला, माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला.

शिक्का जुनाच होता. ऊस, चाक, समई, सगळं एकमेकांत मिसळलेलं. पण कडेने गोल फिरणारं गावाचं नाव स्वच्छ उमटलं होतं, आणि त्यातला ल दोन पाकळ्यांचा होता. मी तिथेच बाकावर बसलो. तो शिक्का मी महिनाभर टेबलावर ठेवून तपासला होता. काय काय काढून टाकायचं, एवढंच बघत होतो. अक्षरांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ज्या कुणी ती काढली असतील, त्याला शासन निर्णयाची गरज पडली नव्हती.

पालिकेचं काम घेणाऱ्या माझ्यानंतरच्या मुलांना सांगतो: पहिली गाडी तुम्ही बघितल्याशिवाय दुसरी रंगवायची नाही, ही अट कार्यादेशातच लिहून घ्या. तोंडी कबुलीवर थांबू नका. आणि सभागृह रिकामं असताना असलं काम घेऊच नये, असं आता वाटतं. ते वीस जण भांडले असते, गावात चर्चा झाली असती, अकरापैकी एखाद्या गाडीपाशी तरी कुणी थांबून बघितलं असतं.

अर्जाला उत्तर आलेलं नाही. आता सभागृहात माणसं आली आहेत आणि जुना शिक्काच परत आणा, असं त्यांच्यातले काही म्हणतायत. याला कडाडून विरोध करायचा, असं मी कधीच ठरवून ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांना भेटणार आहे. जुन्या शिक्क्याची अक्षरं उतरवून घ्यायची परवानगी मागायची आहे.