तीन शिट्ट्या की चार?

शनिवार सकाळ. लोकल नाही, डेडलाईन नाही. चहाचा दुसरा कप घेऊन बसलोय आणि बरेच दिवस डोक्यात घोळणारं खरडतोय.

दोन वर्षांपूर्वी आईला डिप्रेशन आलं. मी आपलं एकच पालुपद लावायचो, "अगं, जरा नॅशनल पार्कापर्यंत फिरून ये, बरं वाटेल." ती म्हणायची, "अरे, उठायचीच शक्ती नाही रे अंगात." मला वाटायचं, दिवसभर घरात तर असते, शक्ती संपते कशाने? (हो, लाज वाटते आता.) रिपोर्ट सगळे नॉर्मल. आम्ही पडलो इंजिनिअर; लॉगमध्ये एरर नाही म्हणजे सिस्टीम ठणठणीत!

शेवटी डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी. ही नक्की करते काय, म्हणून शोधायला बसलो आणि २०१९ सालचा एक शोधनिबंध सापडला. कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या विदिता वैद्य आणि उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटांचा. त्यात पार्ल्याच्या कस्तुरबा हेल्थ सोसायटीचे संशोधकही आहेत. मी बोरिवलीहून रोज अंधेरीला उतरतो, पुढचंच स्टेशन पार्ले. पण तिथे असलं काही चालतं याचा पत्ता नव्हता.

तर त्यांनी केलं काय? उंदरांच्या मेंदूतल्या चेतापेशी वाढवल्या आणि त्यांना सेरोटोनिन दिलं. पेशींमधले मायटोकाँड्रिया वाढले, आणि पेशीचं इंधन म्हणजे एटीपीसुद्धा वाढलं. ५-एचटी२ए नावाचा रिसेप्टर बंद केला की हा परिणाम गायब. म्हणजे निरोप कुठल्या दारातून आत जातो तेही कळलं. शिवाय अशा पेशी ताणापुढे जास्त टिकाव धरत होत्या. सेरोटोनिन म्हणजे मूडचं रसायन एवढंच मला माहीत. ते वीजघरंही वाढवतं, हे कुठे ठाऊक होतं? आणि मेंदू वजनाने जेमतेम दोन टक्के, पण शरीराची साधारण वीस टक्के ऊर्जा एकटा खातो.

अवांतर: मायटोकाँड्रिया म्हणजे मुळात अब्जावधी वर्षांपूर्वी पेशीत राहायला आलेले बॅक्टेरिया. त्यांचा डीएनए बाहेर सांडला, तर आपल्याच प्रतिकारशक्तीला तो जंतू वाटतो आणि दाह सुरू होतो. स्वतःच्याच फाईलला व्हायरस समजणारा अँटिव्हायरस, दुसरं काय!

असो. हे सगळं उंदरांच्या पेशींमधलं. आईच्या गोळीने तिच्या डोक्यात हेच झालं असं त्यावरून म्हणता येत नाही, हे मी स्वतःला दोनदा बजावलं. पण तिच्या "शक्ती नाही"ला मी इतके दिवस बहाणा समजत होतो, ते मात्र काही केल्या डोक्यातून जाईना.

आई आता पुष्कळ बरी आहे. परवा संध्याकाळी म्हणाली, "आज नको वाटतंय रे काहीच." मी म्हटलं, "पडून राहा तू. कुकर मी लावतो."

तीन शिट्ट्या की चार, एवढं मात्र तिलाच विचारावं लागलं :)