नरक्या

नरक्या हे झाडाचं नाव आहे. त्याच्या फुलांना घाण वास येतो म्हणून रानातल्या लोकांनी ते ठेवलं. पुस्तकवाले त्यालाच अमृता म्हणतात. एकाच झाडाला नरक आणि अमृत. मित्रांनो, नावं कोण कुणाला ठेवतं याचा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही.

सह्याद्रीच्या पावसाळी, सदाहरित रानात हे लहानसं झाड वाढतं. माझा आज्जा त्याच्याकडं बघतही नव्हता. मग त्याला भाव आला. १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. यातले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. या द्रव्यानं कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखली जाते. १९७२ साली तेच द्रव्य नरक्यात सापडलं. १९९६ साली त्यापासून बनवलेल्या दोन औषधांना अमेरिकेत परवानगी मिळाली. आतड्याच्या, अंडाशयाच्या कॅन्सरवर ती जगभर देतात. औषध पाहिजेच. आपलीही माणसं कॅन्सरनं मरतात.

पण हे द्रव्य खोडात आणि मुळात असतं. पानं खुडून पोतं भरलं असं होत नाही. झाड तोडायचं, मुळं खणायची, तुकडे करून वाळवायचे. बुंधा राखला तर धुमारे तरी फुटतात. मूळ काढलं की वंश बुडाला. घाटावरचा नरक्या असाच पोत्यांतून खाली उतरला.

माझा चुलतभाऊ असली दोन पोती डोक्यावरून उतरवताना धरला गेला. मी सूतगिरणीत रिंगखात्याला आहे. रात्रपाळी करून तसाच त्याच्याबरोबर तारखेला जातो, म्हणून केसचा कागद पाठ झालाय. साहेबानं विचारलं, माल कुणाचा? भाऊ म्हणाला, "ठावं न्हाई साहेब. गाडी येती, काटा हुतो, पैसं मिळत्यात." हे खरं होतं. कागदावर भावाचं नाव, बापाचं नाव, जात, कोयता एक, पोती दोन. व्यापाऱ्याचं नाव नाही. गाडीचा नंबर नाही. च्यायला, पोत्याला हमाल आहे आणि मालक नाही!

वर शहरातले निसर्गप्रेमी म्हणतात, स्थानिकांनी जंगल संपवलं. तोडणारा हात स्थानिक होता, हे मी नाकारत नाही. पण भूमिहीनाच्या हाताला रोजगार हमीचं काम वेळेवर मिळालं असतं तर तो कड्याकपारीत मुळं खणायला गेला नसता. त्याला रानाबाहेर हाकलून नरक्या वाचेल असं ज्यांना वाटतं, त्यांना गावकूस अजून पुरलेलं नाही. त्यांना रानालाही एक कूस पाहिजे.

२००६ चा वनहक्क कायदा वाचा. इंग्रजी येत नसेल तर मराठीत वाचा, मी तसाच वाचला. औषधी वनस्पती, मुळं, कंद हे सगळं गौण वनोपज. त्याची मालकी रानावर जगणाऱ्याची. आणि गावाच्या सामूहिक वनाचं रक्षण, संवर्धन करायचा हक्कही त्याच कायद्यात आहे. म्हणजे मूळ खणायचं नाही, बी धरणारी झाडं सोडायची, रोपं लावायची, काटा आपल्यासमोर लावायचा, हे ग्रामसभा ठरवू शकते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली असा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली त्यांनी स्वतःचा बांबू स्वतः विकला.

पण मेंढा-लेखा आदिवासींचं गाव. आपण बिगर-आदिवासी. आपल्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथलेच आहोत हे दाखवावं लागतं. ज्याला सातबाऱ्यावर ओळ मिळाली नाही त्यानं कागद कुठून आणायचा? माझ्या डोक्यात आलं ते वतन. ज्या महारवतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं, त्याच वतनाच्या जुन्या नोंदीत आपल्या पणज्याचं नाव सापडतं. बेडीचा कागद पुरावा म्हणून हातात धरायचा. मला त्याची चीड येते. तरी मी तो धरणार आहे.

एका पुराव्यावर भागत नाही. जुनी विहीर, मसणवटा, म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब, हेही नियमात चालतं. ग्रामसभेत पाटलाच्या घोंगडीवर सगळं ठरेल अशी भीती आहेच. बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याबद्दल जे बोलले ते विसरून मी हे लिहीत नाही. पण महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं १९२४ सालीच कागदावर खुलं केलं होतं. ओंजळ भरायला १९२७ उजाडलं, आणि तेव्हा हजारोंनी चालत जावं लागलं.

आमची सखूआत्या नव्वदीच्या घरात आहे. मसणवट्यातलं कोण कुठं पुरलंय हे तिला अजून नीट आठवतं. येत्या रविवारी तिचा जबाब लिहायला मी गावी निघालोय. अक्षर बरं असलेली दोन पोरं पाहिजेत. सकाळची पहिली एस्टी, भाकरी आपापली.