अळणी

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आई रुग्णालयात अळणी घेऊन आली. स्टीलचा लहानसा डबा, भोवती जाड टॉवेल. वरचा तवंग तिनं चमच्यानं काढला होता आणि खालचं पाणी मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळलं होतं. डब्याचा तळ दिसावा इतकं ते नितळ होतं. प्यायला मला वाटी नव्हती, खोकल्याच्या औषधावर असतं तसलं टोपण होतं, ३० मिलीचं. तेवढं पंधरा मिनिटांत, घोट घोट करत संपवायचं होतं.

"चार वाजल्यापास्नं उठलोय मी," आई म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात. "घे की गं. अजून हाय डब्यात."

पहिला घोट मी जिभेवर धरून ठेवला. मीठ, आल्याचा वास, मटणाची ऊब. गिळला तेव्हा तो छातीतून खाली उतरताना कळत होता. आत कुठं जाऊन थांबला, तेही कळलं. दुसरा घोट. तिसरा. टोपणात निम्मं शिल्लक होतं आणि माझं पोट भरलं होतं. "बास," मी म्हटलं.

आईनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. लेकीचं काहीतरी कायमचं गेलं, असं तिला वाटलं. त्या क्षणी मलाही तसंच वाटलं.

शब्दकोशात अळणी म्हणजे मीठ नसलेलं. कोल्हापुरात अळणीत मीठ असतं, तिखट नसतं. मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवलं की त्याचं जे पाणी उतरतं, ते अळणी. त्यात खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस पडली की पांढरा रस्सा होतो. कांदा-लसूण मसाल्याचा कट चढला की तांबडा. नाव झालं ते या दोघांचं. अळणी घरातच राहिलं. बाळंतिणीसाठी, दात येणाऱ्या पोरासाठी, तापातून उठलेल्या माणसासाठी. या गावात बरं होण्याची सुरुवातच अळण्यानं होते. माझीही तशीच झाली.

अंगानं भरलेल्या माणसाला कोल्हापूर आजारी म्हणत नाही, 'खात्यापित्या घरचं' म्हणतं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींचं हे गाव. राजर्षी शाहूंनी १९१२ साली खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं आणि लाल मातीतल्या शरीराला इथं मान मिळाला. खुराक हा आमच्याकडं आदरानं उच्चारायचा शब्द आहे. दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. माझे वडील तरुणपणी तालमीत जायचे. पुढं नोकरी लागली, संसार आला, मेहनत सुटली. खुराक मात्र सुटला नाही. पन्नाशीत साखर आली, साठीत गुडघे गेले, मग हृदय. मी त्यांचीच लेक. ४४ व्या वर्षी माझं वजन ११८ किलो होतं. शाळेचा एक जिना चढताना मी दोनदा थांबायचे आणि मुलांना दम दिसू नये म्हणून भिंतीवरचा तक्ता वाचल्यासारखं करायचे. रात्री श्वास अडायचा. इन्शुलिन सुरू झालं होतं. चार वेळा वीस-वीस किलो उतरवून चारही वेळा ते परत आलं होतं.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं तेव्हा घरात शांतता पसरली. धडधाकट पोट कापायचं? आईला एकच आधार सापडला. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि तसं चारचौघांत सांगितलंही होतं. "एवढा मोठा माणूस लाजला न्हाई, मग आपण कशाला लाजायचं?" ती म्हणाली. तरी नातेवाइकांना आम्ही 'पित्ताचं ऑपरेशन' असंच कळवलं.

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. म्हणजे जठराचा पाऊण भाग, किंबहुना त्याहून थोडा जास्तच, कापून काढतात आणि उरतो तो केळ्याएवढा एक सडपातळ नळा. पोटात जेमतेम वाटीभर जागा राहते. पण जागा कमी होणं ही निम्मीच गोष्ट. जठराचा जो वरचा फुगीर भाग काढून टाकतात, तिथं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढलं. पोट रिकामं झालं की तेच मेंदूला हाक मारतं, 'जेवायला घाल.' माझ्या डोक्यात ही हाक चाळीस वर्षं दिवसरात्र चालू होती. शस्त्रक्रियेनंतर ती थांबली. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी बंद पडल्यावर रात्री झोप लागू नये, तशी मी त्या शांततेत जागी राहिले. मग एका रात्री लख्ख समजलं की इतकी वर्षं ज्याला मी माझा हावरेपणा म्हणत आले, त्यात रक्तातून येणाऱ्या हाकेचा वाटा केवढा मोठा होता. त्या रात्री मी खूप रडले. स्वतःला दिलेल्या सगळ्या शिव्या आठवल्या.

शरीर बरं होण्याचा रस्ता ठरलेला असतो. पहिल्याच दिवशी नर्सचा हात धरून चालायचं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. आधी पाण्यासारखं पातळ, मग ताक, दूध, गाळलेली डाळ. मग घोटून मऊ केलेलं. मग मऊ भात, अंड्याचा बलक. दीड-दोन महिन्यांनी भाकरीचा पहिला तुकडा. घास पीठ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही, नंतरही अर्धा तास थांबायचं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. अळण्यात ऊब असते, मीठ असतं, पण प्रथिनं नावापुरतीच. त्यासाठी पावडर, पनीर, अंडी, डाळी यांच्यामागं लागावं लागतं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे आता जन्माचे सोबती. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. ठरल्या वेळी रक्त तपासून घ्यायचं, तेही आयुष्यभर.

मन बरं होण्याचा तक्ता मात्र मला कुणी दिला नाही. तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा हलेना. दोन घोटांवर जगतेय तरी काटा तिथंच! असं बहुतेकांचं होतं, शरीर पाणी धरून ठेवतं, हे मला नंतर कळलं. तोवर आठ दिवस मी स्वतःला नापास ठरवून बसले होते. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. अंगावर एवढा मोठा घाव बसला की केस मुळाशी विसावतात आणि काही महिन्यांनी एकदम झडतात. खाणं सांभाळलं तर परत येतात. हे वाचलं होतं, पण सकाळी फरशीवरचा गुंता आई पाठमोरी बसून उचलायची, मला दिसू नये म्हणून, तेव्हा वाचलेलं काही कामाला येत नव्हतं. थंडी वाजायची. दंडाची, पोटाची कातडी सैल पडली. बोटातली अंगठी घसरायला लागली, तिला दोरा गुंडाळला.

आणि लोक. "आजारी होतीस काय गं?" "तोंड किती उतरलंय!" ज्यांना खरं कळलं ते म्हणाले, "सोपा रस्ता धरलास की." या रस्त्यावर काय सोपं आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

सगळ्यात अवघड होता रविवार. आमच्या गल्लीत दहाच्या सुमाराला प्रत्येक घरातून मसाला भाजल्याचा वास येतो. लहानपणापासून माझ्यासाठी तो वास म्हणजे सगळे घरी आहेत, कुणी कुणावर रागावलेलं नाही. शाळेत अपमान झाला तर आई वाढायची. नंबर आला तरी वाढायची. वडील गेले तेव्हा त्यांच्या तेराव्यानंतर तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि एक शब्दही बोलली नाही. त्या ताटानंच ती बोलली. दुःख कसं गिळायचं, हे मी शब्दशः शिकले होते. आता गिळायलाच जागा नव्हती. संताप यायचा, एकटेपणा यायचा आणि तो तसाच समोर बसून राहायचा. या वळणावर काहींचं मन खचतं, काहींचा हात दारूकडं वळतो, आणि या शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर चढते, जास्त चढते. मी समुपदेशकांकडं गेले. पोटाच्या डॉक्टरांइतकंच त्या बाईंनी मला बरं केलं.

असाच एक रविवार. आईनं भाकरीच्या पापुद्र्यावर मटणाचा बारका तुकडा ठेवला आणि म्हणाली, "एवढ्यानं काय हुतंय?" तिचं मन मोडवेना. मी घाईत गिळला. छातीच्या हाडामागं दगड अडकल्यासारखी कळ आली, तोंडात फेस दाटला. अर्धा तास मी मोरीत वाकून उभी होते आणि आई माझ्या पाठीवर हात फिरवत होती. सगळं निवळल्यावर ती उंबऱ्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "मग आता मी तुला द्यायचं तरी काय?"

त्या प्रश्नानं मला हलवलं. माझं जठर कापलं गेलं होतं, पण तिचे हात रिकामे झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला रंकाळ्यावर फिरायला नेलं. मग रोजच जायला लागलो. सकाळी सहाला, शालिनी पॅलेस उजाडताना दिसावा अशा बेतानं. आधी दहा पावलं झाली की बाक, मग शंभर, मग निम्मं तळं. चालताना आई बोलायला लागली. स्वयंपाकघरात ती कधीच बोलली नव्हती; तिथं तिचे हात बोलायचे. तिचं माहेर जत तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची भाकरी, दुष्काळी कामावरून आजी पदरात बांधून आणायची ती सुकडी, आणि "मला भूक न्हाई" म्हणून आजीनं पुढं सारलेला आपला वाटा. "तवाच ठरवलो हुतो," आई म्हणाली, "माझ्या पोराच्या ताटात कधी कमी पडू द्यायचं न्हाई."

तिनं शब्द पाळला होता. माझ्या अंगावरच्या त्या किलोंमध्ये बहात्तर सालची भीती होती आणि आजीनं न खाल्लेली अर्धी भाकरी होती. माया एका पिढीला अर्धपोटी ठेवून दुसऱ्या पिढीच्या ताटात जास्तीची पडली होती. हे कळल्यावर माझ्या जुन्या देहावरचा माझा राग गेला. त्या देहानं मला शाळेत नेलं, माझं बाळ पोटात वाढवलं, वडिलांना खांद्याचा आधार देऊन दवाखान्याची पायरी चढवली. त्याचा तिरस्कार करून मी बरी होणार नव्हते.

रंकाळ्यात संध्यामठ आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की तो बराचसा बुडतो, उन्हाळ्यात तळं उतरलं की दगडी खांब हळूहळू उघडे पडतात. मे महिन्यात आम्ही दोघी तिथं उभ्या होतो. आई माझ्या गळ्याकडं बघत म्हणाली, "तुझं हे हाड मी तू सहावीत असताना बघितलो हुतो." गळ्याखालचं ते हाड मी हातानं चाचपलं. ते कुठूनही नव्यानं आलं नव्हतं. पाण्याखाली तिथंच होतं.

वर्ष झालं. ३६ किलो उतरले. इन्शुलिन सुटलं, साखरेची एक गोळी राहिली. शाळेचा जिना मी न थांबता चढते. केस परत आलेत, कपाळाजवळ बारीक कुरळे. कातडी सैल आहे, ती राहील. जुनी हाकही अधूनमधून पुन्हा ऐकू येते. ती येणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून चालणं, मोजणं, तपासणं कधी संपणार नाही. ही शस्त्रक्रिया दार उघडून देते. आत राहणं रोज जमवावं लागतं.

नातेवाइकांना आता मी खरं सांगते. तुमच्या घरात, शेजारात कुणी या वाटेवर असेल तर तुम्हालाही एक सांगणं. किती किलो उतरले, हे विचारू नका. अंगात ताकद आली का, झोप लागते का, हे विचारा. 'एकच घास' असा आग्रह करू नका. त्याच्याबरोबर चालायला जा. आणि कुणी स्वतः या वाटेवर असाल तर उलट्या थांबत नसल्या, मन उठत नसलं, तर ते लपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आमच्या घरी रविवारी अजूनही मसाला भाजतात. तांबडा होतो, पांढरा होतो. पण त्याआधी आई मलमलीच्या फडक्यातून अळणी गाळते आणि घरातल्या प्रत्येकासमोर एकेक लहान वाटी ठेवते. स्वतःचीही भरते, आणि आमच्या आधी ती पिते.