रात्री ९ वाजून ५७ मिनिटं

२० जुलै २०२३. गोंदियाकडे रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. आमच्या राईस मिलमधून अरवा, म्हणजे न उकडलेल्या पांढऱ्या तांदळाचे दोन ट्रक काकीनाडा बंदराकडे गेले होते. माल १०१० जातीचा, ५० किलोचे कट्टे, खरेदीदार पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचा. कट्टे शिवले जात होते तेव्हा मी थप्पीजवळच उभा होतो.

रात्री जेवायला बसलो आणि बंदरावरच्या एजंटचा फोन आला. “भाऊ, अरव्याची निर्यात बंद. आत्ताच अधिसूचना निघाली.” एक ट्रक संध्याकाळीच आत गेला होता. दुसऱ्याचा टायर वाटेत फुटला, म्हणून तो फाटकाबाहेर रांगेत अडकला होता.

वर्षभरात देशात तांदूळ साडेअकरा टक्क्यांनी महागला होता. गरिबाच्या ताटात भात राहावा म्हणून सरकारने निर्यात रोखली, हे मला मनापासून पटतं. पण निघालेल्या मालाचं काय? ऑगस्टअखेर जी सवलत जाहीर झाली, तिच्यातही अट होती: २० जुलैच्या रात्री ९ वाजून ५७ मिनिटं १ सेकंदाआधी शुल्क भरलेला किंवा कस्टमच्या ताब्यात गेलेला मालच पाठवता येईल. सौदा कधी झाला, याचा विचारच नव्हता. पहिल्या ट्रकमधला माल सुटला. दुसरा ट्रक तोवर भर पावसातून केव्हाच परत आला होता. ताडपत्रीखालून पाणी शिरलं होतं. खालच्या कट्ट्यात हात घातला तर दाणे बोटांना चिकटले, कुबट वास आला. तो तांदूळ मिळेल त्या भावात विकला.

हे नुकसान मिलने सोसलं. पण ज्याच्याकडून आम्ही धान घेतो, तो शेतकरी बंदी आली त्याच आठवड्यात चिखलाच्या पायांनी मिलवर आला होता. पऱ्हे (भाताची रोपं) बांधीत, म्हणजे शेतात लावून झाले होते, खतासाठी कर्ज काढलं होतं. त्याने विचारलं, “यंदा धानाले भाव भेटन का, भाऊ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बंदी उठली २८ सप्टेंबर २०२४ला, तीही टनाला किमान ४९० डॉलरच्या अटीवर. पुढच्या महिन्यात ती अटही गेली. मधल्या काळात खरिपाचा एक अख्खा हंगाम बंदीतच विकला गेला.

निर्बंध घालण्याचा हक्क सरकारचा आहे. माझं मागणं एवढंच, की आधी झालेले सौदे पुरे करायला मुदत द्या, आणि पुढचं धोरण काय ते रोवणीआधी सांगा. बांधीत काय लावायचं, किती कर्ज काढायचं, हे तो शेतकरी तेव्हाच ठरवतो.